कणकेवरचा शिक्का

गिरणीवाल्या बाईवर कुणाचा विश्वास नसतो, हे मी गिरणी टाकली त्याच वर्षी शिकले. पीठ कमी भरलं, जाड आलं, गव्हात कुणाची तरी ज्वारी मिसळली, सगळ्याचा दोष माझा. लोक तोंडावर बोलत नाहीत. डबा उचलताना नुसता हाताने तोलून बघतात आणि "येते हं ताई" म्हणत निघतात. सुपडूनाना मात्र तोंडावर बोलायचे.

"व इंदू, मन्हा पहिले कोनं दळं?"

"बाजरी होती, नाना."

"मंग पहिले मन्ही दादरनी एक मूठ टाक. ते पीठ बाजूले काढ. मंग मन्हं दळ."

दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. गिरणीच्या जात्यात आधीच्या दळणाचं जे काही अडकलेलं असेल ते स्वतःच्या मूठभर ज्वारीने धुऊन काढायचं आणि मगच आपलं दळण टाकायचं, असा त्यांचा कायदा. तोवर ते तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसायचे आणि पीठ पडतं त्या तोंडावर डोळे रोखून ठेवायचे. दळून झालं की चिमूटभर पीठ बोटांत चोळायचे, नाकाशी न्यायचे, आणि मान हलवायचे. ती मान 'ठीक आहे' अशी नसायची. 'या खेपेला सापडली नाहीस' अशी असायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण खरं सांगते, आता नाना नाहीत, आणि कुणी काहीही न बोलता डबा उचलून नेला की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

शहाद्यात स्टँडच्या मागे आमची कॉलनी आहे. माझी गिरणी आणि नानांचं घर भिंतीला भिंत लागून. गिरणीच्या मागच्या खिडकीतून त्यांचं मागचं अंगण सरळ दिसतं: चूल, पाण्याची टाकी, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग आणि भिंतीतला एक खिळा. त्या खिळ्याचं काम पुढे येईल.

नाना एस.टी.त आधी कंडक्टर होते, नंतर तिकीट तपासनीस झाले. कॉलनी त्यांना मागून 'चेकरनाना' म्हणायची. समोर म्हणायची छाती कुणाची नव्हती. त्यांच्या आधी झालेली भावंडं जगली नव्हती, म्हणून हे जन्मल्यावर सुपात घालून ओढलं आणि नाव ठेवलं सुपडू. पाळण्यात पडल्या पडल्या ज्याला मरणाच्या नजरेतून लपवून ठेवलं, तो माणूस पुढे कुणावर विश्वास ठेवणार, तुम्हीच सांगा!

अंगाने काटकुळे, पांढरा सदरा, खिशाला झाकण आणि झाकणाला बटण. बोलताना ते माणसाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, हातांकडे बघायचे. "तोंड खोटं बोलस. हातले ते जमत नही," असं म्हणायचे. नोकरीतली त्यांची एक गोष्ट सगळ्या कॉलनीला पाठ होती. चेकर लोक साधारण मोठ्या थांब्यावर गाडीत चढतात. नाना चढायचे भलत्याच ठिकाणी. तोरणमाळच्या घाटात, वळणावर, जिथे गाडी आपसूक हळू होते तिथे झाडाखाली उभे राहायचे आणि हात करायचे. एकदा म्हसावदच्या गाडीत असेच चढले तर पुढच्याच सीटवर सासूबाई! जावयाचं खातं म्हणून म्हातारीने तिकीटच काढलं नव्हतं. वर हसून जागा करून दिली, "या, बठा ना, जवाईबापू." नानांनी दंड लावला, पावती फाडली, ती तिच्या हातात दिली आणि उभ्यानेच पुढच्या थांब्यावर उतरले.

सासू त्यानंतर त्यांच्या घरी पाण्याला शिवली नाही. बायकोने, सरूबाईने, अबोला धरला. मी एकदा नानांना विचारलं, "नाना, स्वतःच्या सासूला?"

"इदाउट ते इदाउट," ते म्हणाले. "आपला माणूस शे म्हणीसन सोडं, तर दुसराले कोनता तोंडे धरसू?"

विनातिकीट माणसाला ते 'इदाउट' म्हणायचे. त्यांच्या शब्दकोशात याहून मोठी शिवी नव्हती.

सरूबाई वारल्यावर मात्र हा माणूस एका गोष्टीने सगळ्यांना चकित करून गेला. रविवारचं वालाचं मटण ते स्वतः करायला लागले. सरूबाईने त्यांना आयुष्यात चुलीपाशी फिरकू दिलं नव्हतं. मग शिकले कधी? मी विचारलं तर म्हणाले, "ती मिरची जास्त टाकस असा माले डाऊट व्हता. मांगे उभा ऱ्हाईसन देखू." म्हणजे बघा, सगळा स्वयंपाक नुसत्या संशयापोटी शिकलेला!

आमच्याकडे बऱ्याच घरांत मटणाला स्वयंपाकघरात जागा नसते. मागच्या अंगणात वेगळी चूल, वेगळं पातेलं, वेगळा पळा, आणि ते सगळं घासूनही अंगणातच पालथं. नानांचं पातेलं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, बाहेरून काळंकुट्ट, आतून लख्ख. करायची पद्धत साधीच. वाल शुक्रवारी भिजत घालायचे, शनिवारी फडक्यात बांधून त्या भिंतीतल्या खिळ्याला टांगायचे, रविवारी मोड आले की सोलायचे. कांदा आणि खोबरं निखाऱ्यात भाजायचं, लसणाबरोबर पाट्यावर वाटायचं, वर आपला काळा मसाला. मटण आधी, वाल मागून, कारण सोललेला वाल लवकर शिजतो आणि आधी टाकला तर त्याचा गाळ होतो.

मटण आणायला नाना स्वतः जायचे आणि खाटकासमोर हाताची घडी घालून उभे राहायचे. बोकडाची शेपटी लागलेली दिसली पाहिजे, नाहीतर मेंढी गळ्यात मारतोय. सुरी चालताना खाटकाचा डावा हात कुठे आहे, त्यावर डोळा. वाल म्हसावदच्या बाजारातून एका ठरावीक म्हातारीकडूनच, आणि तिच्याकडूनही दाणा दाताखाली धरून बघितल्याशिवाय नाही.

आणि मग शिक्का. मटण फोडणीला पडलं, आधणाचं पाणी घातलं, की नाना पातेल्यावर ताट ठेवायचे, ताटात पाणी ओतायचे आणि कडेने कणीक लिंपून तोंड बंद करायचे. हे पुष्कळ लोक करतात, वाफ कोंडावी म्हणून. पण नानांचं पुढे असायचं. खिशाच्या झाकणाचं बटण काढायचं, आतून कंडक्टर असतानाचा तिकिटं टोचायचा चिमटा काढायचा आणि ओल्या कणकेवर दाबायचा. तिकोनी खूण उमटायची. मशीनची तिकिटं आली तेव्हा ते चिमटे निकामी झाले होते. हा एक यांच्या खिशात कसा राहिला, हे चेकरला विचारणार कोण?

"नाना, मटणाला शिक्का?" मी खिडकीतून ओरडले होते.

"मी आंघोळले जासू. मांगे कोनी उघाडं तर समजाले नको?"

अर्ध्या शिजण्याला तो शिक्का तोडायचा, वाल टाकायचे, पुन्हा लिंपायचं, पुन्हा शिक्का. जेवायच्या वेळेला सगळ्यांच्या देखत शिक्का तपासूनच पातेलं उघडायचं. माझ्या घरी वाटी यायची. खोटं कशाला बोलू, तसं वालाचं मटण मी दुसरीकडे खाल्लं नाही.

त्या घरात जागृती सून होऊन आली आणि संशयाला घरातलंच गिऱ्हाईक मिळालं. नानांचा मुलगा विलास नंदुरबारला नोकरीला, रोज जाऊन येऊन. त्याने लग्न केलं ते तापीकाठच्या केळीवाल्या घरातल्या पोरीशी. घरात गुजराती वळणाची बोली, आणि मटण काय, अंड्याचं नाव काढलं तरी आंघोळ करणारी माणसं. तिच्या माहेरी लग्न पटलं नाही, बोलणं तुटलं. नानांनी उंबऱ्यातच तिला आपली एकच अट सांगितली. "तू खाऊ नको. पन नाक मुरडू नको. मन्हा रविवार मन्हा." ती म्हणाली, "बरं, नाना." बोलायची फारच कमी. आणि कमी बोलणारा माणूस म्हणजे नानांच्या मते तिकीट लपवून बसलेला माणूस.

मलाही ती पहिल्यापासून जरा आतल्या गाठीची वाटली. रविवारी मटण शिजायला लागलं की पदर नाकाशी धरून घरात जायची ती जायचीच. तरी तिची नजर मागच्या अंगणाकडे असायची. मग एके शनिवारी दळण घ्यायला आली आणि सहज विचारल्यासारखं विचारते, "काकू, वाल लवकर सोलायचे असतील तर काय करायचं?"

"कोमट पाण्यात टाक," मी म्हटलं. "तुला गं कशाला? तुम्ही करता का वालाची भाजी?"

"असंच," म्हणाली आणि डबा उचलून गेली. असंच म्हणे! माझ्या डोक्यात किडा वळवळलाच.

त्याच दिवसांत नानांचंही काहीतरी बिनसत चाललं होतं. एकदा तरातरा आले, डबा माझ्यासमोर आपटला आणि म्हणाले, "पीठ भर." डबा रिकामा. मी म्हटलं, "नाना, ज्वारी कुठाय?"

"मी दिधी ना सकायले! कोठे टाकी?"

"तुम्ही सकाळी आलाच नाहीत."

"व माय! आते तू बी?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. सगळ्या बायका उभ्या होत्या. मला इतका राग आला की बोलता सोय नाही. चोर म्हणता? एवढी वर्षं तुमची दादर मी दळते आणि मला चोर म्हणता? मी गिरणीचा पट्टाच बंद केला. थोड्या वेळाने जागृती आली, डब्यात ज्वारी घेऊन. एक शब्द बोलली नाही, माफी नाही, काही नाही. दळून घेतलं आणि गेली. मला वाटलं, सुनेनेच सासऱ्याला माझ्यावर सोडलेलं दिसतंय. असली घरं मी पाहिलेली आहेत.

मग तो रविवार आला. मी गिरणीत होते आणि खिडकीतून नानांचा आवाज आला, "विलास! आठे ये!"

विलास आला. नानांचं बोट कणकेवर होतं.

"देख. हाऊ गोल शे. मन्हा चिमटा तिकोनी शे. हाऊ शिक्का मन्हा नही."

विलासने वाकून पाहिलं. "कणीक फुगली असेल, नाना."

"कनीक फुगीसन गोल व्हस? माले शिकाडस? कोनी तरी उघाडेल शे!"

पातेलं उघडलं. मटण जेवढं टाकलं तेवढं होतं, वाल होते, रस्सा होता. कमी काहीच नव्हतं. दुसरा कुणी असता तर इथे गप्प बसला असता. नानांचा चेहरा अजून काळवंडला.

"काढं नही ना? मंग टाकं! काय टाकं?"

त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या जागृतीच्या हातांवर गेली. तिने हात पदराखाली घेतले. बस्स. नानांसाठी तेवढा पुरावा पुरे होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी गिरणीत येऊन पालथ्या डब्यावर बसले आणि मला आवाज खाली आणून सगळं सांगितलं. तिला मटणाचा वास सहन होत नाही. ती काहीतरी औषध टाकते. "मन्ही जीभ मारी टाकी. चवच लागनार नही. मंग मी सोताच सोडी दिसू. धीरे धीरे सगळं घर तिनं." बोलता बोलता त्यांचा हात खिशाच्या बटणावर जात होता, चिमटा आहे ना म्हणून. "आजकाल वस्तू जागावर सापडत नही, इंदू. चष्मा ठेवस एक जागे, निंघस दुसरा जागे. कोनी तरी फिरावस."

"कोण फिरवेल?"

"घरमा दिवसभर कोन ऱ्हास?"

कॉलनीत ही गोष्ट माझ्याआधीच फिरली होती. कुणी म्हणे ती म्हाताऱ्याला आश्रमात धाडणार, कुणी म्हणे माहेरच्यांनी शिकवून पाठवलंय. विलास बिचारा मधल्या मध्ये भरडला जात होता. त्याने अंगणात कॅमेरा बसवायची गोष्ट काढली तर नाना म्हणाले, "आनि त्या कॅमेरामा देखी कोन? तूच ना!" शेवटी त्यांनी मुलाला निर्वाणीचं सांगितलं. येत्या रविवारी ते तिला रंगेहाथ पकडणार. पकडली तर ती तरी राहील या घरात, नाहीतर ते तरी. विलास माझ्याकडे येऊन रडकुंडीला आला. "काकू, तिला माहेर तर उरलेलं नाही. ही गेली तर कुठे जाईल? आणि नानांना सोडून मी तरी कुठे जाऊ?"

मी जागृतीला अडवून विचारलं. स्पष्टच विचारलं, "काय टाकतेस गं त्यात?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले, पण ओठ घट्ट. "काही वाईट नाही टाकत, काकू."

"मग सांग ना सगळ्यांना!"

"नाही सांगता येणार," ती म्हणाली आणि गेली. आता सांगा, असं उत्तर ऐकून कुणाचा संशय वाढणार नाही?

रविवारी नानांनी सापळा लावला, अगदी घाटातल्या वळणावर लावायचे तसा. मटण फोडणीला टाकलं, कणीक लिंपली, तिकोनी शिक्का मारला आणि घरात मोठ्याने सांगितलं की म्हसावदला एक जण आजारी आहे, बघून जेवायच्या वेळेला येतो. पुढच्या दाराने पिशवी घेऊन निघाले, कॉलनीला वळसा घातला आणि माझ्या गिरणीत शिरले. "मशीन बंद कर," म्हणाले. मी बंद केलं. दोघं खिडकीशी, झडपेच्या फटीतून बघत उभे. असल्या कामात आपण का पडलो असं वाटत होतं, आणि तरी डोळा फटीवरून हटत नव्हता.

"वाल टाकलेत का तुम्ही?" मी हळूच विचारलं.

"टाकेल शेत. सगळं करीसन, शिक्का मारीसन उनू."

जागृती बाहेर आली. आधी दोन्ही बाजूंना पाहिलं. नानांनी माझं मनगट धरलं. तिने पदर नाकावर बांधला, चुलीतला जाळ ओढला आणि सुरीने कणीक सोडवली. ताट उतरवलं. मग टाकीच्या मागून एक झाकलेलं पातेलं काढलं.

"देख! देख, काय टाकस ती!" नानांचा आवाज चिरकला. इतक्या वर्षांनी सावज सापडल्याचा आनंद होता त्या आवाजात.

तिने झाकण काढलं. वाल होते. भिजवलेले, मोड आलेले, सोललेले, पांढरेशुभ्र वाल. तिने ते तोंड बाजूला वळवून मटणात ओतले आणि न बघताच पळ्याने ढवळले.

"वाल?" नाना पुटपुटले. "वाल ते मी…"

ती तेवढ्यावर थांबली नाही. भिंतीपाशी गेली आणि खिळ्यावरची पुरचुंडी काढली. नानांनी शनिवारी बांधून टांगलेली. ती काढताना आवाज आला, खुळखुळ. गिरणी बंद होती, त्यामुळे आम्हाला तो अगदी स्पष्ट ऐकू आला. कोरडे वाल. भिजवलेलेच नव्हते. नानांनी कोरडे वाल फडक्यात बांधून खिळ्याला टांगले होते, आणि ते सोलून मटणात टाकले असं समजून ते माझ्याशेजारी उभे होते.

जागृतीने पुरचुंडी सोडली, वाल डब्यात भरले. मग ते रिकामं फडकं टाकीच्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि ओलं फडकं परत त्याच खिळ्याला वाळत घातलं. वापरून धुतल्यासारखं. मग कणीक लिंपली, कानामागचं पेन काढलं आणि त्याचं टोपण कणकेवर दाबलं. ते गोल उमटलं. तिने बोटाने ते पुसलं, नखाने तीन बाजू काढायचा प्रयत्न केला, पुन्हा पुसलं. ते काही जमेना तिला. शेवटी तसंच सोडून आत गेली.

अगं बाई, हे होतं तर! चष्मा कुठे गेला, ज्वारी कुठे गेली, सगळं सगळं माझ्या डोक्यात जागच्या जागी बसायला लागलं. 'तुम्ही विसरता' असं भरल्या घरात या माणसाला सांगण्यापेक्षा तिने चोर ठरणं पत्करलं होतं. आणि मी, कॉलनीभर तोंड वर करून फिरणारी मी, तिच्याकडून उत्तर मागायला गेले होते.

नानांनी माझं मनगट कधी सोडलं ते कळलं नाही. ते पालथ्या डब्यावर बसले होते. दोन्ही हात पुढे धरून त्या हातांकडे बघत होते, जसे दुसऱ्यांच्या हातांकडे बघायचे तसे.

"नाना, पाणी देऊ?"

"आख्खी नोकरीमा लोके धरात," ते म्हणाले. "आज मीच इदाउट निंघनू, इंदू."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो ठेवू दिला, हेच मला जास्त लागलं. मग खिशाचं बटण चाचपलं, उठले आणि म्हणाले, "चाल. जेवाले चाल. विलास वाट देखी ऱ्हायना असी."

मला जायचं नव्हतं. पण निकालाला पंच म्हणून त्यांनी मला आधीच बोलावून ठेवलं होतं. अंगणात सतरंजी टाकलेली. विलास घाम पुसत उभा. जागृती दाराच्या चौकटीला टेकून, हात पदराखाली. ती माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघू शकेना. मला एकाच वेळी भीती वाटत होती की नाना आता सगळं बोलून स्वतःचे वाभाडे काढतील, आणि भीती वाटत होती की काहीच बोलणार नाहीत, आणि पोरीवरचा आळ तसाच राहील.

पातेलं पुढे आलं. नाना वाकले, चष्मा वर केला आणि कणकेवरून अंगठा फिरवला. त्या गोल, नखाने ओरबाडलेल्या खुणेवरून.

"शिक्का मन्हाच शे," ते म्हणाले.

विलास पुढे झाला. "नाना, पण मागच्या रविवारी…"

"मांगे बी मन्हाच व्हता. चेकरनी चूक व्हयनी. चेकरनी चूक व्हत नही का? व्हस." मग मोठ्याने, शेजारपाजारच्या घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "मन्ही सूनले कोनी काही बोलं, तर मन्हासंगे गाठ शे!"

त्यांनी कणीक तोडली, ताट उतरवलं आणि जेवायला बसले. अर्धं जेवण झाल्यावर काहीतरी आठवल्यासारखं केलं, खिशातून चिमटा काढला आणि जागृतीपुढे धरला.

"हाऊ तू ठेव. मन्हा खिसा फाटेल शे. पडी जाई कोठे तरी."

खिसा धडधाकट होता. झाकण होतं, बटण होतं. जागृतीने एकदा त्या खिशाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि दोन्ही हात पदराबाहेर काढून तो चिमटा घेतला. आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी जेवत होते आणि रडत होते. विलास म्हणाला, काकू, तिखट झालं का? मी म्हटलं, हो रे बाबा, फार तिखट झालंय.

त्यानंतर नाना लवकरच उतरणीला लागले. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते. स्टँडवर जाऊन कुठल्याही गाडीत चढायचे आणि लोकांकडे तिकिटं मागायचे. ओळखीचे ड्रायव्हर त्यांना हाताला धरून घरी सोडायचे. मटण आता चुलीवर जागृतीच चढवायची, नाकाला पदर बांधून, चव न घेता, नुसत्या अंदाजावर. मीठ बरोबर पडलं का ते मी खिडकीतून हात घालून चाखून सांगायची. नाना बाजेवर बसून बघायचे. शिक्का ती मारायची, तिकोनी. शिक्का दिसला नाही तर ते घासाला हात लावायचे नाहीत. दिसला की अंगठा फिरवायचे, मान हलवायचे आणि जेवायचे. कुणी मारला, हे मात्र त्यांनी पुढे कधी विचारलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं तो असाच एक रविवार होता. मी पिठाचा डबा द्यायला मागच्या दाराने गेले. जागृती आत भाकऱ्या करत होती. नाना बाजेवर जेवायला बसलेले. मला पाहून त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग बोटाने जवळ बोलावलं. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण विश्वासू दिसले असणार. तेच डोळे, तसेच बारीक केलेले, तोच खाली आणलेला आवाज.

"बाई, या घरमा काही तरी गडबड शे."

"काय हो?"

"ती पोर देखी का? ती आठे रांधस. रोज देखस मी. सगळासले वाढस. सोता या भांडामातलं एक घास बी खात नही. कधीच नही." त्यांनी दाराकडे पाहून घेतलं. "तिले कोनी खाऊ देत नही वाटस. भुकी ऱ्हास ती."

त्यांनी मांडीखालून एक भाकरी काढली. ताटातली, घडी घालून लपवलेली. मटणाचा रस्सा लागू न दिलेली, कोरडी. ती त्यांनी माझ्या पदरात कोंबली.

"तिले दे. मन्हं नाव सांगू नको. कोनी देखाले नको."

मी आत गेले आणि ती भाकरी जागृतीला दिली. तिने विचारलं नाही कुणी दिली. तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती चुलीपाशी खाली बसली आणि ती दुमडलेली, थंड भाकरी दोन्ही हातांनी धरून खाल्ली, सगळी. बाहेर नाना मान उंच करून दाराच्या फटीतून बघत होते. तिने शेवटचा घास घेतला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि मग ते जेवायला लागले.